ट्रफल करायच्या आधी स्लॅबचं वेष्टन वाचा

चॉकलेट ट्रफलमध्ये मुळात दोनच जिन्नस असतात, चॉकलेट आणि क्रीम. ओव्हन लागत नाही, साचे लागत नाहीत, अंडंही नाही. म्हणूनच ७ फेब्रुवारीचा रोझ डे उजाडला की १४ तारखेपर्यंत, आणि ९ तारखेच्या चॉकलेट डेला तर हमखास, ओळखीतल्या मुलामुलींचे मला फोन येतात. मी घरून चॉकलेटं करून देते आणि शिकवतेही. फोनवरच्या तक्रारी ठरलेल्या असतात. मिश्रण घट्टच होईना, किंवा गाठी झाल्या, किंवा चव मेणचट लागतेय. दोनच जिन्नस असले की त्यातला एक जरी भलता आला तरी त्याला झाकून घ्यायला तिसरं काही नसतं. ही गोष्ट कुणी त्यांना आधी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझ्या भाचीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. साखरपुडा नुकताच झाला होता आणि होणाऱ्या नवऱ्यासाठी स्वतःच्या हातानं काही करावं, अशी तिची फार इच्छा. केकचं सामान विकणाऱ्या एका दुकानात तिनं डार्क चॉकलेट आणि क्रीम मागितलं. दुकानदारानं मोठ्या स्लॅबचा तुकडा तोडला, वजन केलं आणि साध्या पिशवीत बांधून दिला. पिशवीवर ना घटकांची यादी, ना तारीख. क्रीम म्हणून हातात दिला तो फ्रीझरमधला एक गोठलेला डबा. पोरीनं बाकी सगळं नीट केलं. गोळे सुबक झाले, डबी सुंदर सजली. रात्री तिचा फोन आला, ‘मावशी, दिसतात छान, पण खाल्ल्यावर टाळूला काहीतरी चिकटून राहतंय गं.’ त्या मुलानं काही न बोलता दोन खाल्ले होते, हे सांगताना तिचा आवाज भरून आला.

उरलेला तुकडा तिनं मला आणून दाखवला. ते कंपाउंड होतं आणि डब्यातलं क्रीम नसून दूध नसलेलं, गोड केलेलं व्हिप टॉपिंग होतं. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती-तेल घट्ट करून घातलेलं असतं. ते स्वस्त पडतं, उन्हाळ्यात लवकर वितळत नाही, साच्यात ओतलं की काही न करता चकचकीत गोठतं. केकवरच्या सजावटीला ते चालतं, मीही वापरते. ट्रफलला मात्र ते चालत नाही. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, आपल्या तोंडात त्याहून दोन-तीन अंश जास्त ऊब असते. ट्रफल जिभेवर ठेवताच विरघळतो तो या एवढ्याशा फरकामुळे. कोको बटरच काढून टाकलं तर ट्रफल करण्याचं कारणच उरत नाही.

म्हणून सुटं, बिनलेबलाचं चॉकलेट घेऊ नका. वेष्टन असलेलीच स्लॅब घ्या आणि ती उलटी करून घटक वाचा. कोको सॉलिड्स, कोको बटर, साखर, लेसिथिन अशी नावं दिसली तर बिनधास्त घ्या. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट दिसलं तर परत ठेवा, पुढच्या बाजूला ‘डार्क’ कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो. पहिल्यांदा करणाऱ्यानं ५० ते ५५ टक्के कोकोचं डार्क घ्यावं. ७० टक्क्यांचं कडू लागतं आणि क्रीमबरोबर फाटण्याची शक्यताही जास्त. आपल्याकडे केरळात इडुक्कीला आणि आंध्रात पश्चिम गोदावरीच्या बाजूला कोको पिकतो. त्या कोकोची भारतात बनलेली चांगली चॉकलेटं आता शहरांत मिळतात. थोडी महाग पडतात, पण वीसेक ट्रफलना दोनशे ग्रॅम पुरतं.

क्रीमचंही तसंच. टेट्रापॅकमधल्या फ्रेश क्रीमवर बहुधा २५ टक्के फॅट लिहिलेलं असतं. ते चालतं, फक्त त्यात पाण्याचा अंश जास्त असल्यामुळे प्रमाण आखडतं घ्यायचं. पाकीट आधी फ्रीजमध्ये ठेवा, न हलवता उघडा आणि वरचं घट्ट क्रीम घ्या, तळाचं पाणी राहू द्या. २०० ग्रॅम डार्क चॉकलेटला ९० मिलिलिटर क्रीम आणि लहान चमचाभर लोणी, हे माझं फेब्रुवारीतलं प्रमाण. मिल्क चॉकलेट असेल तर तेवढ्याच चॉकलेटला ७० मिलिलिटर पुरे, पांढऱ्याला ६०. डार्कचं प्रमाण पांढऱ्याला लावलं की गोळे कधीच वळत नाहीत, आणि फोनवरच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथंच सापडतं.

चॉकलेट सुरीनं अगदी बारीक चिरा, जाडे तुकडे ठेवू नका. क्रीम मंद आचेवर तापवा. कडेनं बुडबुडे दिसू लागले की बंद. खळखळून उकळलं तर कमी फॅटचं क्रीम तिथंच फाटतं. गरम क्रीम चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं अजिबात हात लावू नका, मग मधूनच छोटी छोटी वर्तुळं काढत हळूहळू बाहेरपर्यंत ढवळत या. आधी ते विचित्र दिसतं, डाग डाग दिसतात. घाबरू नका, ढवळत राहिलं की एकदम चकाकी येते. याला गनाश म्हणतात. चकाकी आल्यावर लोणी घाला आणि चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका.

आता पाण्याबद्दल. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी ते गच्च होऊन बसतं. त्यातली साखर आणि कोकोचे कण त्या थेंबांभोवती चिकटून गोळा होतात. ओला चमचा, नुकतं विसळलेलं भांडं, डबल बॉयलरमधून उठणारी वाफ, कुठूनही हे पाणी येतं. म्हणून मी डबल बॉयलर कुणाला सुचवतच नाही, गरम क्रीम ओतण्याची पद्धतच सुरक्षित. तरीही गच्च झालंच तर टाकून देऊ नका. त्यात एकेक चमचा गरम क्रीम घालत फेटा. थोड्या पाण्यानं बिघडलेलं जास्त ओलाव्यानं सुधारतं, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच होतं. गनाश फाटून वर तेल सुटलं असेल तर चमचाभर कोमट दूध घालून मधल्या भागापासून फेटायला घ्या, तेल परत आत जातं.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी याच दिवसांत भरात असते, आणि गर काढून ट्रफलमध्ये घालावा असं बऱ्याच जणांना वाटतं. घालू नका. गरात पाणीच पाणी असतं. गनाश सैल होतं आणि लवकर आंबतं. स्ट्रॉबेरी धुऊन कपड्यानं पूर्ण कोरडी करा, कोमट गनाशमध्ये अर्धी बुडवा आणि त्याच दिवशी खा. ट्रफलला वासच द्यायचा असेल तर क्रीम तापतानाच त्यात संत्र्याची किसलेली साल किंवा अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी घाला. पांढऱ्या चॉकलेटला वेलची फार छान लागते.

गनाश झाकून दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. इथं आपल्या घरांतली एक खास अडचण येते. फ्रीजमध्ये आलं-लसणाचं वाटण असतं, चिरलेला कांदा असतो, कोकणातल्या घरी मासेही असतात, आणि चॉकलेट, लोणी, क्रीम हे तिन्ही वास ओढून घेतात. घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा. नुसती ताटली झाकून भागत नाही.

गोळे लाडवासारखे दाबून वळायचे नाहीत. तळहाताच्या उबेनंच गनाश वितळू लागतं. हात थंड पाण्याखाली धरून नीट पुसा, लहान चमच्यानं गोळा उचला, दोनदा फिरवा आणि सरळ कोको पावडरीत सोडा. पावडर बिनसाखरेची हवी. ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यातली लावली तर साखरेला पाणी सुटून गोळे चिकट होतात. मुंबई, ठाणे, रत्नागिरी अशा दमट हवेत गोळे वळण्याच्या भानगडीत न पडलेलंच बरं. जपानमध्ये व्हॅलेंटाइनला नामा चॉकलेट देतात, तेही गनाशच असतं, पण चौकोनी कापलेलं. बटर पेपर घातलेल्या डब्यात गनाश ओता, गोठलं की गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीनं चौकोन कापा, वर कोको भुरभुरवा. माझ्या मते पहिल्यांदा करणाऱ्यानं हेच करावं. गोळ्यांना बाहेरून चॉकलेटचं कवच चढवायचं काम मात्र पहिल्या खेपेला घेऊ नये. कवच कडक आणि चकचकीत होण्यासाठी चॉकलेट ठरावीक तापमानांतून वरखाली न्यावं लागतं, त्याला थर्मामीटर आणि सराव दोन्ही लागतात.

ट्रफल आदल्या दिवशी संध्याकाळी करा, त्याआधी नको. ताज्या क्रीमचे ट्रफल फ्रीजमध्ये चार दिवस नीट राहतात, त्यापुढे मी कुणाला खायला देत नाही. बाहेर काढल्यावर डबा बंदच ठेवून अर्धा तास थांबा. लगेच उघडलात तर थंड ट्रफलवर हवेतलं पाणी जमतं आणि कोकोचा चिखल होतो. वर दाण्याचा कूट किंवा बदामाचे काप लावणार असाल तर ज्याला द्यायचे त्याला ते सोसतात का, हे आधी विचारून घ्या, मग गुपित फुटलं तरी चालेल. घरात कुत्रा असेल तर डबा त्याच्या तोंडाला लागेल असा ठेवू नका. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं, आणि चॉकलेट जितकं गडद तितका धोका मोठा.

भाचीनं पुढच्या रविवारी माझ्याकडे येऊन पुन्हा केले, चौकोनीच, संत्र्याच्या सालीचे. पुण्याहून मुंबईला ते बर्फाच्या पिशवीवर डबा ठेवून ती स्वतः घेऊन गेली. कुरिअरनं पाठवू नकोस, हे मी तिला बजावलं होतं आणि तुम्हालाही तेच सांगते. फेब्रुवारीच्या दुपारी डिलिव्हरीच्या गाडीत गनाश तग धरत नाही. समोर जाऊन हातात देता येणार असतील तरच ट्रफल करा. माणूस लांब असेल आणि पाठवायचंच असेल, तर बिस्किटांचा चुरा, कोको आणि कंडेन्स्ड मिल्कचे गोळे करा. त्यांची चव वेगळी असते, पण ते प्रवासात टिकतात.