आरमारी नौकेवरील ग्रंथालय

रुपेरी पडद्यावर ज्यांचीं नांवें झळकतात त्यांचा पूर्वेतिहास आपणांस क्वचितच ठाऊक असतो. अमेरिकन नट जेसन रोबार्ड्स ह्याचें चरित्र त्या दृष्टीनें अभ्यासण्याजोगें आहे.

त्याचा जन्म २६ जुलै १९२२ रोजीं शिकागो येथें झाला. वडील नटच होते. त्यांच्या धंद्याची उतरती कळा मुलानें घरांतच पाहिली. तेव्हां १९४० सालीं शाळा संपतांच तो आरमारांत दाखल झाला. तेथें त्यास बिनतारी संदेशाचें काम मिळालें. कानांस यंत्र लावून टिंबें व रेघा ह्यांच्या संकेतांत येणारा निरोप बिनचूक उतरून घ्यावयाचा. एक अक्षर चुकलें तरी अर्थाचा अनर्थ व्हावयाचा.

पुढें अमेरिका महायुद्धांत उतरली. ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्रीं ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी टॉर्पेडोंनीं त्याची 'नॉर्दॅम्टन' ही नौका फोडली व ती बुडाली. समुद्रांत तरंगत त्यानें सुटकेची वाट पाहिली. नंतर तो 'नॅशव्हिल' नौकेवर गेला. १३ डिसेंबर १९४४ रोजीं फिलिपाइन्सच्या समुद्रांत तिजवर जपानी आत्मघातकी विमान आदळलें. १३३ माणसें मेलीं, १९० जखमी झालीं. रोबार्ड्स वांचला.

ह्याच नॅशव्हिलवर एक लहानसें ग्रंथालय होतें. तेथें त्याच्या हातीं यूजीन ओनीलचें 'स्ट्रेंज इंटरल्यूड' हें नऊ अंकी नाटक आलें. आरमारांत असतांनाच नट होण्याचा विचार त्याच्या मनांत मूळ धरूं लागला. युद्धानंतर न्यूयॉर्क येथील नाट्यविद्यालयांतून तो १९४८ सालीं उत्तीर्ण झाला. तरीहि कीर्ति यावयास आणखी आठ वर्षें लागलीं. १९५६ सालीं त्याच ओनीलच्या 'द आइसमन कमेथ' ह्या नाटकानें त्याचें नांव झालें. पुढें १९७६ व १९७७ ह्या लागोपाठच्या वर्षींच्या चित्रपटांतील साहाय्यक भूमिकांसाठीं त्यास ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. सन २००० मध्यें तो निवर्तला.

युद्धामुळें माणूस थोर होतो, असा ह्यावरून कोणीं निष्कर्ष काढूं नये. त्या १३३ जणांतहि एखादा नट, कवि वा शिक्षक होण्याजोगा असेल. त्यांच्या अंगचे गुण परमेश्वरच जाणे. वांचलेल्यानें मिळालेल्या आयुष्याचें काय केलें, एवढेंच आपण पाहूं शकतों.

योसेफाचीं तुरुंगांतील वर्षें फुकट गेलीं नाहींत, हें आपण शास्त्राच्या तासाला शिकतों. शिक्षण संपतांच मनाजोगतें काम न मिळाल्यास मुलांनीं खचूं नये व पालकांनींहि त्यांस बोल लावूं नये. हातचें काम चोख करावें आणि फावल्या वेळीं पुस्तक उघडावें. युद्धनौकेच्या फळीवर कोणीतरी नाटकांचें पुस्तक ठेवण्याची आठवण ठेवली होती. आपल्या शाळेच्या कपाटांतहि पुस्तकें आहेत; तीं वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत.