वेगवान मोटारीच्या टायरचे आयुष्य

कोणताही माल घेताना व्यापारी माणूस दोन प्रश्न विचारतो : दर काय आणि टिकेल किती? अलीकडे आपल्या तरुण मंडळींत उंची, वेगवान परदेशी मोटारींची हौस वाढली आहे. मोटारीच्या किमतीची चर्चा पुष्कळ होते. परंतु जे चार टायर त्या मोटारीस जमिनीशी धरून ठेवतात, त्यांच्या आयुष्याची चौकशी क्वचितच होते. सबब तो विषय येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

टायरच्या आयुष्याची तीन खाती असतात : वेगाचे, अंतराचे आणि काळाचे. यांपैकी जे खाते आधी संपेल, त्या दिवशी टायर संपला असे समजावे.

प्रथम वेगाचे खाते पाहू. फ्रान्समधील मोल्सहाइम येथे तयार झालेली बुगाटी वेरॉन ही मोटार २००५ साली बाजारात आली. तिचा कमाल वेग ताशी सुमारे ४०७ किलोमीटर होता. या वेगाने तिचे टायर सुमारे १५ मिनिटेच टिकतात, आणि १०० लिटरची टाकी त्याआधीच, सुमारे १२ मिनिटांत, रिकामी होते, असे सांगितले जाई. याचे कारण समजण्यास कठीण नाही. तिच्या मागच्या टायरचा व्यास सुमारे ७१ सेंटिमीटर. म्हणजे ताशी ४०० किलोमीटर वेगास तो सेकंदाला सुमारे ५० फेरे घेतो. त्या गतीत त्याच्या पाठीवरील रबर आपल्या वजनाच्या साडेतीन हजार पटींनी बाहेर ओढले जाते. आपल्या जुन्या मापात ३२०० तोळ्यांचा पक्का मण होत असे; तेव्हा एका तोळ्याच्या रबरावर मणाहून अधिक ओढ पडते, असा हिशेब निघतो. शिवाय प्रत्येक फेऱ्यात टायर जमिनीशी दबतो व पुन्हा उभारतो. त्यातून जी उष्णता निर्माण होते, तीच त्याचा घात करते. २०१० साली याच मोटारीच्या सुपर स्पोर्ट या प्रकाराने ताशी ४३१ किलोमीटरचा वेग गाठला. तरीही गिऱ्हाइकांस दिलेल्या मोटारींचा वेग टायरच्या रक्षणार्थ ४१५ वरच बांधून ठेवण्यात आला. यंत्रात बळ होते. मर्यादा रबराची होती.

दुसरे खाते अंतराचे. मऊ रबर रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते. कठीण रबर पुष्कळ टिकते, पण पकड कमी देते. साध्या मोटारीचे टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालतात; परंतु पोर्शे ९११ सारख्या मोटारीचे मागचे टायर पंधरा-वीस हजारांतच बदलावे लागणे नवल नव्हे. तिचे इंजिन मागे असते आणि बहुतेक प्रकारांत जोरही मागच्याच चाकांवर येतो. मागचे टायर पुढच्यांहून रुंद असल्यामुळे पुढचे मागे व मागचे पुढे करून झीज सारखी वाटून घेण्याची सोयही तेथे नसते. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते, १.६ मिलिमीटर ही युरोपातील कायद्याची शेवटची हद्द आहे. मात्र पावसात पकड त्याच्या पुष्कळ आधीच घटते.

तिसरे खाते काळाचे, आणि हौशी मालकांची दृष्टी येथेच चुकते. अशा मोटारी वर्षाचे बहुतेक दिवस घरी उभ्या असतात. खाचा नव्यासारख्या दिसतात, म्हणून टायर नवा आहे असे वाटते. आम्ही धान्याचे व्यापारी. वरून भरदार दिसणारे पोते आत कसे पोखरलेले असू शकते हे आम्हांस सांगावे लागत नाही. हवा, ऊन व उष्णता यांनी रबर न चालताही कठीण होत जाते.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथे सिनेनट पॉल वॉकर व मोटार चालविणारे त्यांचे मित्र पोर्शे कॅरेरा जीटी या मोटारीच्या अपघातात मृत्यू पावले. शेरिफच्या चौकशीत अवाजवी वेग हेच कारण ठरले. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मोटार ८० मैलांहून अधिक वेगात होती. पण त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट नमूद झाली : मोटार फारच थोडी चाललेली होती आणि तिचे टायर नऊ वर्षांचे होते. जुन्या टायरांमुळे मोटारीवरील ताबा कमी झाला असावा, असे मत नोंदविण्यात आले. अंतराच्या खात्यात शिल्लक होती. काळाचे खाते संपले होते.

म्हणून ज्यांच्या घरी अशी मोटार आहे, त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, ते वाचावेत. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षे वापर झाल्यावर दरसाल जाणत्याकडून तपासणी करवावी, आणि दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी काढून टाकावा. हवा दर महिन्यास, टायर थंड असताना, तपासावी. कमी हवा म्हणजे अधिक उष्णता. जुनी मोटार घेताना मीटरवरील आकड्याआधी टायरवरचा आकडा पाहावा.

आपल्या वह्यांत यंत्रसामग्रीचा घसारा आपण दरसाल मांडतो, मग ते यंत्र चालो वा बंद राहो. टायरचा घसाराही तसाच मांडावा. वहीतील चूक पुढच्या वर्षी दुरुस्त करता येते. रस्त्यावर तशी सवड मिळत नाही.