स्वमग्नता : कोणत्या तपासणीला पैसे मोजावेत?

मूल हाकेला ओ देत नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, असं दिसलं की बिदर जिल्ह्यातल्या भालकी-औरादचे आईबाप आधी लॅब गाठतात. पण रक्ताच्या थेंबातून स्वमग्नता (ऑटिझम) ओळखणारी खात्रीची चाचणी अजून निघालेली नाही. निदान होतं ते मुलाचं वागणं बघून आणि पालकांशी बोलून. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी डॉक्टर ४० मुद्द्यांची ‘आयसा’ ही स्वमग्नता मोजणारी श्रेणी वापरतात, तीही मुलाला बघून आणि पालकांशी बोलूनच भरली जाते.

सुरुवात फुकटात होते. बिदरचं ब्रिम्स किंवा कलबुर्गीचं जिम्स, दोन्ही सरकारी रुग्णालयं. तिथल्या बालरोग विभागात ‘डीईआयसी’ म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत असतात. आधी कानाची तपासणी मागून घ्या. ऐकू न येणाऱ्या मुलावर स्वमग्नतेचा शिक्का बसू नये. पुढे मोठ्या केंद्रात जायची वेळ आली तर बेंगळुरूच्या निम्हान्सपेक्षा सिकंदराबादची एनआयईपीआयडी ही बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था जवळ पडते. घरी मराठी, शाळेत कन्नड, गल्लीत दखनी म्हणून मूल बोलत नाही, असं समजून थांबू नका; ते खरं नव्हे.

आता रक्त. ही मुलं खाण्यात हट्टी असतात. एखादं पोर पांढरा भात आणि बिस्किट यापलीकडे कशाला हात लावत नाही. अशा मुलाचं हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व पाहणं शहाणपणाचं. खाजगीत चारही मिळून साधारण अडीच ते चार हजार जातात. सरकारी दवाखान्यात काय होतं ते आधी विचारा. कमतरता भरून काढली की मुलाची तब्येत सुधारते, स्वमग्नता जात नाही.

मायक्रोअॅरे, एक्झोमसारख्या जनुकीय चाचण्या बहुधा पाच आकडी. झटके येत असतील, चेहरेपट्टी वेगळी असेल किंवा दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कराव्यात. केसांतले जड धातू आणि ‘फूड इंटॉलरन्स’चं पॅनेल मात्र सरळ नाकारा. त्यामागून येणारं चिलेशन, म्हणजे शरीरातले धातू औषधाने काढण्याचा उपचार, जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत २००५ मध्ये पाच वर्षांचा मुलगा त्यात दगावला. स्टेम सेल उपचारासाठी कुणी लाखांत आकडा सांगितला तर उठून या. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच स्वमग्नतेसाठी ही पद्धत नको म्हणून सांगितलंय.

ग्लुटेनमुक्त पिठाच्या महागड्या पाकिटांचं तर नवलच वाटतं. आपल्या ज्वारीत मुळात ग्लुटेन नसतं! पण या पथ्याने स्वमग्नता सुधारते याला भक्कम पुरावाही नाही. त्याच पथ्यापायी दूधही तोडलंत तर शाळा-अंगणवाडीत क्षीरभाग्य योजनेतून मिळणारं फुकटचं दूधही जातं, आणि कॅल्शियमसाठी नाचणी-तीळ रोज पोटात जातील हे बघावं लागतं.

खरा खर्च थेरपीचा. खाजगीत स्पीच किंवा ऑक्युपेशनल थेरपीचं सत्र साधारण ३०० ते ७०० रुपये. आठवड्याला तीन धरली तर महिन्याला साडेतीन ते साडेआठ हजार. एका जनुकीय चाचणीच्या पैशात दोन-तीन महिने निघतात. शिवाय थेरपिस्ट घरी काय करून घ्यायचं ते दाखवत नसेल, तर दुसरा शोधा.

प्रमाणपत्र हाती आलं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात नाव घाला. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, त्यात थेरपीही येते. नोंदणी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० आणि इतरांना ५०० रुपये होती. भरण्याआधी सध्याचा दर बघून घ्या. थेरपीची पावती दरवेळी मुलाच्या नावाने, तारीख-शिक्क्यासह घ्या. वहीच्या पानावर लिहून दिलेला आकडा विम्यात चालत नाही.