‘टीबीच आहे’ म्हणणाऱ्यांनी ती तपासणी का केली नाही?

“आधी का नाही सांगितलंत?” रिपोर्ट हातात आल्यावर आमच्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य हे होतं, आणि ते मला उद्देशून होतं. काय सांगायचं होतं मी? माझी बहीण कशानं गेली, हे आम्हालाच कुणी धड सांगितलं नव्हतं. तिचा मुलगा तेव्हापासून माझ्याकडे आहे. आजाराचं मूळ शोधणं मावशीचं काम, की डॉक्टरांचं?

एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांत बारीक दाणे दिसले आणि टीबीची औषधं सुरू झाली. कोर्स संपला, दाणे तसेच राहिले. पुन्हा कोर्स. पोराचे कानाखालचे गाल सुजले, मानेत गाठी आल्या, बोटांची टोकं फुगली. प्रत्येक गोष्ट मी दाखवली. टीबीचा जंतू एकाही तपासणीत सापडला नाही, तरी उत्तर ठरलेलं: “टीबीच आहे. औषध चुकवत असाल.” एकही गोळी चुकली नव्हती.

शेवटी सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं त्याची नखं निरखली, गाल चाचपले आणि हळूच विचारलं, “मावशी, याची एचआयव्ही तपासणी झालीय का?” त्या क्षणी बहिणीचं शेवटचं वर्ष डोळ्यांपुढे आलं. न थांबणारे जुलाब, आटत गेलेलं अंग, खाटेपासून लांब उभी राहणारी माणसं. सगळं एकदम जुळलं.

रिपोर्ट आला: जन्मतःच आईकडून आलेला एचआयव्ही. फुफ्फुसातले दाणे टीबीचे नव्हतेच. तो ‘एलआयपी’, म्हणजे लिम्फॉइड इंटरस्टिशियल न्यूमोनायटिस. एक्स-रेत तो टीबीसारखाच दिसतो. त्यामागे अनेकदा एप्स्टाईन-बार नावाचा विषाणू असतो. तो बहुतेकांच्या शरीरात आयुष्यभर गप्प असतो. एचआयव्हीनं प्रतिकारशक्ती पोखरली की त्याला मोकळं रान मिळतं. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, फुफ्फुसात साचतात आणि काही मुलांत त्यातून लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग होतो. 1964 मध्ये एप्स्टाईन-बार विषाणू सापडला तोच आफ्रिकेतल्या मुलांच्या लिम्फोमाच्या गाठीत. आमच्या पोराच्या मानेतली गाठ काढून तपासली, तीही लिम्फोमाचीच निघाली.

टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी व्हावी, हे राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाचंच धोरण आहे. आमच्या डॉक्टरांनी ती केली नाही, आणि वर मलाच जाब विचारला. हे मी विसरणार नाही.

आता इतर पालकांना सांगते. टीबीच्या औषधानं मूल सुधारत नसेल, तर एचआयव्ही तपासणी स्वतःहून मागा. सरकारी आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त राहते. कानाखाली सूज, फुगलेली बोटं, अंगभर गाठी या गोष्टी एकत्र दिसल्या तर वाट पाहू नका. वाढत्या गाठीचं निदान नुसत्या सुईच्या तपासणीवर सोडू नका, बायोप्सी करायला सांगा. त्याआधी कुणी स्टेरॉइड सुरू करत असेल तर कारण विचारा, कारण त्यानं गाठ तात्पुरती आटते आणि लिम्फोमा लपून राहू शकतो. बाळ दीड वर्षाच्या आतलं असेल तर साध्या तपासणीत आईच्याच प्रतिपिंडांमुळे चुकीचा पॉझिटिव्ह निकाल येऊ शकतो. त्याची वेगळी तपासणी असते, ती करून घ्या. सगळे कागद सांभाळून ठेवा. मुलाला पोटभर, चांगलं खाऊ घाला.

शाळेनं किंवा रुग्णालयानं त्रास दिला तर घाबरू नका. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं भेदभावाला बंदी आहे. माहिती हवी असेल तर 1097 हा मोफत क्रमांक आहे.

पोराची केमो आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, दोन्ही सुरू आहेत. ही औषधं त्याला कितीतरी आधी मिळायला हवी होती. गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी वेळेवर झाली आणि औषध मिळालं, तर बाळाला हा विषाणू लागणं बहुतेक वेळा टळतं. म्हणून घरातल्या लेकीसुनांची ती तपासणी करून घ्या. त्यात लाज कसली?