टीव्हीमागची वायर तूच जोड

अगं, भाच्यानं पुण्याहून दिलेला तो प्लेस्टेशन अजून खोक्यातच आहे, कुणी जाणकार आलं की जोडून घेऊ, असं तू फोनवर म्हणालीस तेव्हाच मला बोलायचं होतं. पण तुझ्या मागं सासूबाई होत्या, कुकर शिट्ट्या मारत होता, म्हणून गप्प बसले. आता निवांत सांगते. जाणकाराची वाट बघू नकोस. तूच जोड.

मळ्यातल्या मोटारीचा स्टार्टर तू चालवतेस. ठिबकचे व्हॉल्व्ह तू फिरवतेस. एखादा फेज उडाला तर बोर्डावरच्या दिव्यांकडं बघून कुठला उडाला ते तुला कळतं. आणि टीव्हीच्या मागं एक वायर खोचायची म्हटली की ‘ते पोरांचं काम, नाहीतर ह्यांचं’! मला हे बरं वाटत नाही. ज्याला वस्तू जोडता येते, त्याचाच शब्द त्या वस्तूवर चालतो. उद्या थोरल्यानं ते जोडलं, तर कधी लावायचं, कुठल्या बटणानं बंद होतं, आजीची मालिका परत कशी लावायची, हे सगळं त्याच्या हातात गेलं. मग तू स्वयंपाकघरातून नुसती ओरडत बसणार. तुला ठाऊक असलं तर तुला ओरडावं लागणार नाही.

टीव्हीवरचा गेम घरात आलाच आहे तर येऊ दे, हे मी मनापासून सांगते. पिंपरी पेंढारला आता दिवस मावळल्यावर पोरं अंगणातसुद्धा सोडता येत नाहीत. आपल्या लहानपणी अंधार पडेपर्यंत खळ्यावर लपंडाव चालायचा. ऊस वाढला, बिबट्या उसात राहायला लागला, तिथंच त्याची पिल्लं व्हायला लागली. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आहे, पिंजरे लागतात, पण आईच्या जिवाला घोर तो असतोच. मग पोरं संध्याकाळी घरात कोंडलेली आणि हातात मोबाईल. तू पाठ फिरवलीस की काय बघतात, कुणाशी खेळतात, काही पत्ता लागत नाही. त्यापेक्षा पुढच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बत्तीस इंचाच्या पडद्यावर दोघं भावंडं शेजारी बसून खेळली तर मला ते शंभर पटींनी बरं वाटतं. भांडतील, पण एकमेकांशी भांडतील.

तर ऐक. तुझ्याकडं आलाय तो पीएस फोर. हे मशीन २०१३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत निघालं आणि २०१४ च्या जानेवारीत आपल्याकडं विकायला आलं. पीएस फाईव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, म्हणून तर शहरातली पोरं जुनं देऊन टाकतात. जुनं असलं तरी चांगलं आहे, संकोच करू नकोस. खोक्यात दोन मुख्य वायरी असतील. एक लाईटची. दुसरी दोन्ही टोकांना सारखीच, चपट्या तोंडाची, ती एचडीएमआय. चित्र आणि आवाज दोन्ही तिच्यातूनच जातं, वेगळं काही लावायचं नाही. तिचं तोंड नीट निरखून बघ. एक बाजू रुंद, दुसरी बाजू कोपरे कापल्यासारखी निमुळती. टीव्हीच्या खाचेचा आकारही तसाच. जुळवून सरळ ढकललं की अलगद बसतं. अडलं तर जोर करू नकोस, उलटी धरली आहेस असं समज. ती वायर हरवलीच असेल तर साधी घे. दुकानदार सोन्याचा मुलामा दाखवून महागाची गळ्यात मारायला बघेल, पण या मशीनला आणि तुझ्या टीव्हीला साधीच पुरते.

जोडताना टीव्ही आणि गेम दोन्ही बोर्डावरून बंद कर. अशा मशीनच्या लाईटच्या वायरीला बऱ्याचदा दोनच पिना असतात, अर्थिंग नसतं, आणि चालू असताना मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. जिवाला धोका असा नाही, पण हात दचकतो आणि खाच मोडते. एचडीएमआयची खाच मोडली की दुरुस्तीला पुणंच गाठावं लागणार.

आता खरी मेख. तुमच्या टीव्हीला डिशचा सेट-टॉप बॉक्स लावलेला आहे. टीव्हीच्या मागं एचडीएमआयच्या खाचा दोन असतील तर प्रश्नच नाही, एकीत बॉक्स, दुसरीत गेम. एकच असेल तर बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीवर घे आणि एचडीएमआय गेमला दे. मालिकेचं चित्र थोडं मऊ दिसेल, पण सासूबाईंना त्यानं फरक पडणार नाही. एक ध्यानात ठेव, पुष्कळ टीव्हींवर पिवळ्या वायरीसाठी वेगळी खाच नसतेच, ती हिरव्या खाचेत लावायची असते आणि तिथं बारीक अक्षरात व्हिडिओ असं लिहिलेलं असतं. शिवाय सोर्समध्ये ‘एव्ही’ निवडायचं. ‘कंपोनंट’ निवडलं तर मालिका काळी-पांढरी दिसेल आणि घरात आरडाओरडा होईल की गेमनं टीव्ही बिघडवला.

सगळं लावलंस, आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. इथंच निम्म्या घरांत लोक हात टेकतात. कारण काय, तर हातात रिमोट असतो डिशचा. वर्षानुवर्षं आपण त्याच एका रिमोटवर टीव्ही चालवतो. टीव्हीचा स्वतःचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, शोकेसच्या खणात, लग्नपत्रिकांच्या खाली, आणि सेल कधीच संपलेले. तो शोध. नवे सेल घाल. त्याच्यावर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ असं बटण असतं, नाहीतर चौकोनात शिरणाऱ्या बाणाचं चित्र. ते दाबलं की यादी येते, त्यात गेम ज्या खाचेत लावलास तो नंबर निवड. झालं. पुन्हा मालिका हवी असेल तर तेच बटण, दुसरा नंबर. सासूबाईंनाही दाखव. त्यांना जमलं तर निम्मं घर शांत झालं म्हणून समज. रिमोट सापडलाच नाही तर टीव्हीच्या खालच्या कडेला किंवा पाठीमागं बोट फिरवून बघ, एखादं बटण असतंच.

तरीही पडदा काळाच राहिला आणि गेमचा दिवा मात्र पांढरा लागलेला असला, तर घाबरू नकोस. आधीच्या टीव्हीला जुळणारं चित्र ते मशीन अजून पाठवत असेल. बंद कर. मग त्याचं चालू करायचं बटण दाबून धर. एकदा ‘टुक’ वाजेल, सोडू नकोस. सातेक सेकंदांनी दुसऱ्यांदा वाजेल, तेव्हा सोड. सेफ मोड नावाचा पांढऱ्या अक्षरांचा पडदा येतो, त्यात रिझोल्यूशन बदलायचा पर्याय दुसरा आहे. तेव्हा हातात धरून खेळायचा कंट्रोलर वायरीनंच जोडलेला लागतो, आणि ती वायर नुसती चार्जिंगची असून चालत नाही, मोबाईलमधले फोटो कॉम्प्युटरवर घेता येतात तसली हवी.

चित्राच्या कडा कापल्या गेल्या तर टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काही शोध. आणि क्रिकेटचा गेम खेळताना पोरं म्हणतील, मी बटण दाबतो पण बॅट उशिरा फिरते. त्यात मशीनचा दोष नसतो. टीव्ही प्रत्येक चित्र नटवून-सजवून मग दाखवतो, त्यात वेळ जातो. ‘गेम मोड’ लाव, तो नट्टापट्टा बंद होतो आणि बॅट वेळेवर फिरते.

आता आपल्या मळ्यातलं, जे पुण्याचा भाचा तुला सांगणार नाही. तिकडं फ्लॅटमध्ये ही मुलं गेम ‘रेस्ट मोड’मध्ये ठेवून झोपतात, नारिंगी दिवा लागलेला असतो, म्हणजे मशीन अर्धवट जागं. आपल्याकडं हे अजिबात नको. आपल्या वस्तीवर लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. थ्री फेज आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात, ट्यूब मिणमिणते, पंखा मंदावतो, हे तू रोज बघतेस. कमी-जास्त व्होल्टेज हे मशीन बऱ्यापैकी सोसतं, १०० ते २४० पर्यंत चालेल असंच बनवलंय. त्याला सोसत नाही ते चालता चालता लाईट जाणं. आत हार्ड डिस्क फिरत असते, खेळ लिहून ठेवत असते. मग पुढच्या वेळी मशीन तक्रार करतं की मला नीट बंद केलं नव्हतं, आणि स्वतःची तपासणी करत बसतं. एखाद्या वेळी पोरांचं सगळं सेव्ह केलेलं जातं. म्हणून मेनूतून पूर्ण बंद करायचं, दिवा विझू द्यायचा, मगच बोर्डाचं बटण. आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की गेमची पिनच काढ, डिशची वायरही सोड. छपरावरच्या छत्रीतून वीज घरात शिरायला वेळ लागत नाही.

ठेवायचं कुठं, तर शोकेसच्या काचेआड नको, आणि विणलेला रुमाल तर त्याच्यावर मुळीच घालू नकोस, कितीही छान दिसला तरी. आतला पंखा गरम हवा मागून फेकतो, ती कोंडली की मशीन भणभणतं आणि आपोआप बंद पडतं. तुमची कांद्याची बराख घराला लागूनच, कांदा निवडायला काढला की टरफलं सगळीकडं उडतात. तेवढे दिवस मशीन खोक्यात ठेव. एरवी आठवड्याला कोरड्या ब्रशनं जाळी झाडली तरी पुरे.

नेट लावायची घाई करू नकोस. डिस्कवरचा गेम नेटशिवाय बहुतेक वेळा चालतो, आणि एकेका गेमचं अपडेट कित्येक जीबीचं असतं. पाहुण्यांच्या, म्हणजे तुझ्या ह्यांच्या, मोबाईलचा हॉटस्पॉट लावलास तर दिवसाचा डेटा चहा व्हायच्या आत संपेल. डिस्कच्या डब्यावर वयाचा आकडा छापलेला असतो, १८ लिहिलेला डबा भाच्यानं सोबत दिला असला तर तो परत पाठव. धाकटी बघत असते.

वेळेचं म्हणशील तर घड्याळ लावून बोर्डाचं बटण दाबू नकोस. एक तर मशीनला वाईट, आणि पोरगं शेवटच्या ओव्हरला असताना खेळ तोडलास तर ते दोन दिवस मनात धरून बसतं. आपण लंगडीचा डाव अर्ध्यावर सोडून आत गेलो होतो का कधी? त्यापेक्षा सुरुवातीलाच ठरव. क्रिकेटच्या गेममध्ये किती ओव्हर ते आधी निवडता येतं. पाच ओव्हरची मॅच लाव म्हणावं, ती संपली की जेवायला. परीक्षेच्या दिवसांत लाईटची वायर काढून तुझ्या कपाटात ठेव, पण सांगून ठेव, लपवून नको.

आणि भाच्याला फोन करून विचार, दुसरा कंट्रोलर पडून असेल तर देतोस का. एकाच कंट्रोलरवर धाकटी नुसती बघत बसेल आणि थोरला तिला ‘तुला नाही जमत’ म्हणेल. दोन असले म्हणजे तिलाही बॅट मिळेल, आणि ती झोपल्यावर तूही एखादी ओव्हर टाक की थोरल्याला. पाहुणे ओतूरच्या बाजारात कांदा घेऊन गेले की दुपारी तुला मोकळा वेळ असतो, तेव्हाच खोकं उघड. अडलीस तर टीव्हीच्या पाठीचा फोटो काढून मला पाठव, कुठल्या खाचेत काय लावायचं ते लगेच सांगते.