आधी गार, मग देखणी: वऱ्हाडातली उन्हाळ्याची खोली आणि तिचा खर्च

होळी झाली की अमरावती-अकोल्याच्या बाजारात दोन गोष्टी एकदम दिसू लागतात: रस्त्याच्या कडेला माठांच्या उतरंडी आणि दुकानांपुढे कूलरच्या रांगा. गृहसजावटीची मासिकं याच सुमारास फिकट निळे पडदे, आंब्याच्या रंगाच्या उशा आणि कोपऱ्यातली हिरवी रोपं सुचवत असतात. पुण्यात ते चालून जातं. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात ३१ तारखेपर्यंत जमावबंदीचं कलम १४४ लावण्याची वेळ आली होती. अशा गावात दुपारी दोनला ज्या खोलीत बसवत नाही, तिच्या उशांचा रंग कोण पाहणार? म्हणून पैसा बाहेरून आत आणायचा. आधी डोक्यावरचा स्लॅब, मग पश्चिमेची खिडकी, मग वारा, आणि उरलेल्या पैशांत कापड व रंग.

हिशेबासाठी नेहमीची खोली धरू. दहा बाय बारा फूट, वर उघडी गच्ची, एक खिडकी पश्चिमेला, एक उत्तरेला. खालचे भाव साधारण आहेत. माल, दुकान आणि महिना बदलला की ते हलतात, आणि महिन्याचा फरक सगळ्यांत मोठा असतो. फेब्रुवारीत कूलर मिस्त्री तुम्हाला बोलावून घेतो, एप्रिलच्या शेवटी तुम्ही त्याच्या मागे फिरता. अक्षय तृतीयेच्या लग्नसराईत रंगारी आणि शिंपी दोघंही हाती लागत नाहीत. म्हणून कामं गुढीपाडव्याच्या आत उरकलेली बरी.

गच्चीवरचा पांढरा रंग

वरच्या मजल्यावरची खोली रात्री अकरापर्यंत का धुमसते? दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता संध्याकाळनंतर आत सोडत राहतो. आतून छताला कितीही महाग इमल्शन लावा, त्यात फरक पडत नाही. रंग वरून लागतो, आणि तो पांढरा लागतो. अहमदाबाद महापालिकेनं २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचा कार्यक्रम घेतला, त्यामागचं कारणही हेच.

दीडशे फुटांच्या आतल्या गच्चीला चुन्याचे दोन हात द्यायला आठ-दहा किलो चुना, थोडा डिंक किंवा फेविकॉल आणि एक मोठा ब्रश पुरतो. सगळं मिळून ४०० ते ५०० रुपये, मजुरी घरची. चुना रात्रभर भिजवून, गाळून घ्या. गच्ची आधी झाडून धुवा, भेगा सिमेंटनं बुजवा आणि काम सकाळी आठच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर करा. भर उन्हात दिलेला चुना पापुद्रे धरतो. पहिल्या जोरदार पावसात तो बराचसा धुऊन जातो, म्हणजे दरवर्षी नवा खर्च. डब्यातला ‘कूल रूफ’ पेंट दोन-तीन वर्षं टिकतो, पण तेवढ्याच जागेला १,२०० ते २,००० रुपये जातात. घर स्वतःचं असेल तर पेंट घ्या, भाड्याचं असेल तर चुना. आणि गच्ची अधूनमधून झाडत राहा, कारण धूळ बसलेला पांढरा रंग निम्मं काम सोडून देतो.

टिनाचं छप्पर असेल तर वरून हाच पांढरा रंग, आणि आतून बुरडाकडचे बांबूचे तट्टे बसवा. मेळघाटातल्या बांबूकामाची ओळख धारणी तालुक्यातल्या लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्रामुळे राज्यभर झाली आहे, पण छताचे साधे तट्टे शहरातला बुरूडही मोजमाप घेऊन विणून देतो. स्वस्त म्हणून थर्माकोलच्या शीट मात्र लावू नका. ते पेटतं फार लवकर, आणि टिनाच्या घरात वायरी बहुधा छतालगतच गेलेल्या असतात.

पश्चिमेची खिडकी

इथं लोक सर्रास चुकतात. जाड, गडद, महाग पडदा आतून लावतात. ऊन काच ओलांडून आत आलं की पडदा स्वतःच तापतो आणि खोलीत शेकोटी करतो. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. त्यासाठी सजावटीच्या दुकानात जायची गरजच नाही, कृषी केंद्रात जा. रोपवाटिकांवर टाकतात ती हिरवी शेडनेट चौरस मीटरला २० ते ४० रुपयांत मिळते. पंच्याहत्तर टक्के सावलीची मागा. नव्वद टक्क्यांची घेतली तर खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. खिडकीपेक्षा चारही बाजूंनी फूटभर मोठा तुकडा, तार आणि हुक मिळून ३०० रुपयांत काम होतं. नेट खिडकीला चिकटवू नका. वीतभर अंतर ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. हिरवी नेट दिसायला शेतावरची वाटते, हे खरं आहे. ते खटकत असेल तर बांबूची चिक बाहेरून सोडा. आकार पाहून ५०० ते १,००० रुपये, आणि ती खरोखर देखणी दिसते.

खिडकी अशी बाहेरून झाकली की आतल्या पडद्यावर ओझं राहत नाही. मग तो हलका, सुती आणि स्वस्त चालतो.

कूलर

वऱ्हाडात कूलर हेच खोलीतलं सगळ्यांत मोठं फर्निचर. तो इथं चालतो, कारण एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत असते आणि ताटीतलं पाणी पटकन उडून हवा गार करतं. त्याला एकच अट आहे: हवा बाहेरून घ्यायची आणि समोरून बाहेर जाऊ द्यायची. कूलर खोलीत ठेवून दारं-खिडक्या बंद केल्या तर तासाभरात घाम येणारी दमट कोठडी होते. तेव्हा कूलर उत्तरेच्या खिडकीबाहेर स्टँडवर, आणि समोरचं दार चार बोटं उघडं.

घरी जुना लोखंडी कूलर असेल तर तो बदलायची घाई नको. लाकडी किसाच्या तीन नव्या ताट्या ३०० ते ४५०, पाण्याचा पंप ३०० ते ४००, मिस्त्रीची मजुरी ३०० च्या आसपास. हजार रुपयांत कूलर नव्यासारखा चालतो. मोटर जळालेली असेल तर वाइंडिंगचे ६०० ते १,००० वेगळे. नवी मोटर घ्यायचीच ठरली तर “भाऊ, जुनीचे किती धरता?” हे विचारल्याशिवाय पैसे काढू नका, तांब्याच्या तारेला भाव असतो. नवा लोखंडी कूलर ४,५०० ते ८,०००, कंपनीचा प्लॅस्टिकचा ८,००० पासून पुढे. अमरावतीत शिकायला आलेल्या आणि दोन-तीन महिनेच राहणाऱ्या मुलांनी हंगामापुरता भाड्याचा कूलर पाहावा. १,५०० ते २,५०० रुपयांत भागतं. अनामत किती आणि मोटर बिघडली तर खर्च कोणाचा, हे चिठ्ठीवर लिहून घ्या.

हनीकोंब पॅड की साध्या ताट्या? दुकानदार हनीकोंबच सुचवेल. संच हजार-दीड हजारांचा असतो आणि तीन-चार हंगाम टिकतो, असं तो सांगतो. नळाच्या गोड पाण्यावर ते खरंही आहे. पण पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या बोअरचं पाणी उडालं की मागं मीठ उरतं. हनीकोंबच्या बारीक घरांत ते दगडासारखं बसतं आणि एका उन्हाळ्यात पॅड निकामी होतो. खाऱ्या पाण्याच्या भागात दरवर्षी ३००-४०० च्या साध्या ताट्याच परवडतात. टाकीत रोज वरून भर घालत राहू नका. दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, म्हणजे क्षार साचत नाहीत आणि डेंग्यूच्या डासालाही थारा मिळत नाही. अकोल्यात काटेपूर्णा धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही, तेव्हा हे ओतून दिलेलं पाणी फरशी धुवायला वापरावं. खारं असेल तर झाडांना घालू नका.

जिथं हात आखडू नये असा एकच खर्च आहे. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यांत लहान मुलं असतात. लोखंडी पेटी, ओली फरशी, दोन पिनांचा प्लग असा तो योग जुळतो. अर्थिंग तपासून घ्यायला वायरमन २००-३०० रुपये घेतो. वीज गळताच पुरवठा तोडणारा तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून १,५०० ते २,५०० ला पडतो. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा.

एसीचा विचार असेल तर वस्तूच्या किमतीबरोबर बिलही पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दीड टनाचा एसी साधारण ३५ ते ४५ हजारांत बसतो. पण दिवसाला दहा तास धरले तर कूलर महिन्याला ७०-७५ युनिट खातो आणि एसी ३०० च्या घरात. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, आणि शंभर ओलांडले की पुढच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट होतो. पंखा बदलायचा असेल तर बीएलडीसी मोटरचा घ्या. तीन हजारांच्या आसपास मिळतो, पण ७५ वॅटऐवजी ३० वॅटवर चालतो. अठरा तास फिरणाऱ्या पंख्यावर महिन्याला चोवीस-पंचवीस युनिट वाचतात.

कापड, गादी, रंग

आता सजावट. कापसाच्या मुलखात राहून पॉलिस्टरचे पडदे लावणं मला तरी पटत नाही. सुती कापडासाठी अकोल्याचा जुना कापड बाजार आणि टिळक रोड, अमरावतीत जवाहर गेटच्या आतली दुकानं, ठोक घ्यायचं असेल तर नागपूर रोडवरची सिटीलँड-बिझीलँड ही संकुलं. मांजरपाट मीटरला ७० ते १०० रुपये. दोन खिडक्यांना चुण्यांसह आठ मीटर लागतो, चार पडद्यांची शिलाई ४०० धरा, म्हणजे हजार-बाराशेत पडदे तयार. त्याला एखादी जुनी सुती साडी फाडून किनार लावली तर फुलांच्या छापाची गरज उरत नाही. कापड आधी धुऊन मग शिंप्याकडे द्या, मांजरपाट हमखास आटतो. सुती डबल चादर ६०० पासून. लेबलवर ‘कॉटन मिक्स’ असेल तर परत ठेवा.

फोमची गादी उन्हाळ्यात पाठ भाजते. माळ्यावर पडलेली कापसाची गादी उतरवा. पिंजून, नवी खोळ घालून ८०० ते १,५०० मध्ये होते. पिंजाऱ्याला समोर बसवून काम करून घ्या आणि कापूस आधी-नंतर वजन करा. त्याला राग येत नाही, सवय असते.

भिंतींना डिस्टेंपरचे दोन हात छतासकट ३,५०० ते ४,५००, इमल्शन ५,००० ते ८,०००. रंग फिकट असला की खोली उजळ दिसते, पण गार होत नाही. तेवढ्यासाठी पेंटरच्या बोलण्यात येऊन महाग शेड घेऊ नये. पोपडे निघाले नसतील तर यंदा रंग राहू द्या. एक माठ, त्यात वाळ्याची जुडी, मोगऱ्याची कुंडी, हे सगळं ५०० रुपयांच्या आत येतं.

चुना, नेट, कूलरची दुरुस्ती, पडदे आणि एक चादर, एवढ्याला साडेतीन हजार पुरतात. त्यात डिस्टेंपर, नवा पंखा आणि गादी घातली की आकडा बारा हजारांवर जातो. आरसीसीबी दोन्हींत वेगळा धरा.

मृगाचा पाऊस लागला आणि हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. तेव्हाच नेट उतरवून घडी घाला, ताट्या टाकून द्या, टाकी कोरडी पुसून आतून गंजरोधक रंगाचा एक हात द्या आणि मोटरला तेल घालून पेटी प्लॅस्टिकनं बांधून ठेवा. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. पत्रा एकदा गंजून टाकी गळायला लागली, तर पुढच्या मार्चमध्ये नव्या तळाचे हजारभर रुपये मिस्त्री सहज सांगतो.