लपवायचं नाही, सोडायचं नाही

पोरांनो, माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून झाली. आमच्या खोड्यात उभी राहायची ती गवळाऊ गाय, बैल, फार तर एखादी शेळी. आता निवृत्तीनंतर मोबाइलवर फोटो येतात ते इग्वानाचे, सन कन्युरचे, बॉल पायथनचे. आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत ही हौस पोचली आहे. फोटोखालचा प्रश्न मात्र आजाराचा क्वचित असतो. बहुतेक वेळा विचारतात, "काका, फॉरेस्टवाले उचलून नेतील काय?" प्रत्येकाला जे सांगतो, तेच इथं एकदा लिहून ठेवतो.

आधी आपला प्राणी कोणत्या रांगेत बसतो ते पाहा.
रांगा तीन. पहिली आपल्या रानातल्या प्राण्यांची: मिठू पोपट, तारा कासव, मांडूळ. हे घरात ठेवता येत नाहीत. दुसरी परदेशी पण आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या प्राण्यांची. 'साइट्स' नावाचा जो जागतिक करार आहे, त्याच्या याद्या आपल्या वन्यजीव कायद्यात चौथी अनुसूची म्हणून आल्या आहेत. मकाव, सन कन्युर, आफ्रिकन ग्रे, हिरवा इग्वाना, बॉल पायथन, मार्मोसेट माकड हे सगळे तिथं आहेत. हे पाळता येतात, पण नोंद लागते. तिसरी रांग यादीबाहेरची: बजरीगार, कॉकटील, गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड. दुकानदार बजरीगारलाच लव्हबर्ड म्हणून विकतो आणि खऱ्या लव्हबर्डच्या इतर काही जाती यादीत आहेत, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. जात नक्की करून घ्या.

गंमत बघा. पोरगा वरच्या खोलीतल्या कन्युरच्या काळजीनं झोपत नाही आणि खाली ओसरीवर आजीचा मिठू पिंजऱ्यात मिरची खात असतो. कायद्याच्या दृष्टीनं त्या घरातला मोठा गुन्हा ओसरीवर टांगलेला असतो. मिठू दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजीला हे समजावून सांगायचं काम तुमचं.

तारखा पाठ ठेवा, अफवा नाही.
जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं स्वेच्छेनं माहिती देण्याची योजना आणली. सहा महिन्यांत ज्यांनी प्राणी जाहीर केला, त्यांच्याकडे खरेदीचे कागद मागितले गेले नाहीत. मग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम निघाले. ज्यांच्याकडे चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी आहे, त्यांनी सहा महिन्यांत 'परिवेश २.०' या सरकारी पोर्टलवर नोंद करायची होती. अर्जाचं शुल्क एक हजार रुपये. नवा प्राणी आणला तर तीस दिवसांत कळवायचं. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं. अर्ज जातो मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, म्हणजे आपल्या नागपूरच्या वनभवनात.

नोंदणी केली म्हणून कोणी प्राणी नेत नाही. लपवला म्हणून नेतात.
"नाव दिलं की यादी तयार होईल आणि उद्या दारात गाडी येईल," ही भीती मी बऱ्याच जणांकडून ऐकली. बाप्पा, नोंदीचा कागद हा त्या प्राण्याचा सातबारा आहे. वाद उभा राहिला तर तोच कामी येतो. शेजाऱ्यानं तक्रार केली, गाडीतून नेताना पोलिसांनी अडवलं, तर तुमच्या "आम्ही लेकरासारखा सांभाळतो"ला काही किंमत नसते. २०२४ ची मुदत हुकली असेल तर गप्प बसू नका. वर्ध्याच्या उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, आता काय करायचं ते विचारा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय सरकारी कार्यालयातून उठायचं नाही, हे तर तुम्हाला तुमच्या बापानंही शिकवलं असेल.

जुन्या लोकांचं गाऱ्हाणं खरं आहे. दहा वर्षांपूर्वी पक्षी घेतला, तेव्हा कोणी पावती दिली नाही, आता ती कुठून आणायची? त्यांनी हाताशी आहे ते गोळा करावं: तारखेसह जुने फोटो, दवाखान्याचे केसपेपर, पक्ष्याच्या पायातल्या बंद रिंगवरचा नंबर. ही रिंग पिल्लू लहान असतानाच पायात घालतात, मोठ्या पक्ष्याच्या पायात ती चढत नाही. म्हणून पक्षी घरच्या पैदाशीचा आहे हे सांगायला तिचा उपयोग होतो.

पावती देत नाही त्या दुकानाची पायरी चढू नका.
२०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. "पार्सल येईल, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून उतरवून घ्या" असं कोणी म्हटलं, तर तिथंच फोन ठेवा. बँकॉकहून मुंबई विमानतळावर येणाऱ्या बॅगांत काय सापडतं ते पेपरात वाचता ना? जून २०२५ च्या सुरुवातीला एकाच प्रवाशाच्या सामानात विषारी सापांची रास निघाली होती. अशा बॅगेतून निसटलेलं एखादं पिल्लूच स्वस्तात तुमच्यापर्यंत येतं. आणि पैदास करून विकायचं डोक्यात असेल तर आणखी जपा. आफ्रिकन ग्रेसारख्या, साइट्सच्या पहिल्या परिशिष्टातल्या जातींच्या पैदाशीला २०२३ च्या नियमांप्रमाणे वेगळा परवाना लागतो.

घ्यायच्या आधी किंमत विचारता, तसं आयुष्य विचारा.
गालावर लाल पट्टा असलेलं कासव दुकानात रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं असतं. मादी वाढून फूटभराला टेकते आणि वीस-तीस वर्षं जगते. ग्रे पोपट चाळीस वर्षं काढतो. बारावीनंतर तुम्ही पुण्याला जाल, मग त्या काचेच्या टाकीचं पाणी कोण बदलणार? आई. तेव्हा आधी आईला विचारा. आणि टाकीला हात लावला की साबणानं धुवा. या कासवांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात. त्यापायी लहान मुलं आजारी पडायची, म्हणून अमेरिकेनं १९७५ मध्येच चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

वर्ध्याचा मे महिना सोसेल तोच प्राणी आणा.
आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. पत्र्याच्या छपराखाली पक्षी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून बसला, तर त्याला उन्हाचा त्रास होतोय असं समजा. लगेच सावलीत हलवा, पाणी द्या, ओला पडदा लावा, पण थेट कूलरच्या झोतात ठेवू नका. परदेशी पक्षी-सरड्यांचा अनुभव असलेला डॉक्टर तालुक्याला मिळणं कठीण. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय ७५ किलोमीटरवर आहे. तिथवर न्यायची तयारी नसेल तर हौस आवरा.

काहीही झालं तरी बाहेर सोडू नका.
सगळ्यात मोठा कानमंत्र हाच. सेवाग्रामला बापूकुटीत गेलात तर साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा दिसेल. साप निघाला की मारायचा नाही, धरून रानात सोडायचा, हा आश्रमाचा रिवाज. आपल्या जिल्ह्यात तो मुरला आहे आणि आपले सर्पमित्र आजही तेच करतात. पण तो रिवाज इथल्याच सापासाठी आहे. परदेशी प्राण्याला तो लावलात, तर पुण्य समजून पाप कराल.

टाकीतला काळा सकर मासा वाढला की लोक भक्तिभावानं पवनारला धाम नदीत सोडतात. धाम वणेला मिळते, वणा वर्धेला, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला. म्हणजे पवनारचा एक मासा कुठवर जाऊ शकतो ते बघा. उजनी धरणातल्या मच्छीमारांना विचारा, हा काटेरी मासा जाळ्यात अडकला की जाळं फाटतं आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. चिलापी १९५२ मध्ये सरकारनंच देशात आणली, आज ती तळ्यातळ्यात आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हौसेनं आणलेले बर्मी अजगर दलदलीत पसरले आणि तिथले ससे-रॅकून दिसेनासे झाले. आपल्या तळ्यांत पाठीवर मऊ कवच असलेलं देशी कासव आहे, काळं कासव आहे. लाल गालाचं कासव त्यांच्याच खाण्यावर आणि ऊन खायच्या दगडांवर हक्क सांगतं.

बॉल पायथन निसटला तर धोका उलटा असतो. अंगावरचे तपकिरी ठिपके पाहून गावकरी त्याला घोणस समजतात आणि काठी घालतात. तेव्हा लाजू नका, लगेच सर्पमित्राला आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. प्राणी सांभाळणं जमेनासं झालं, तरी हाच नंबर लावा. पिपरी (मेघे) इथल्या करुणाश्रमातल्या लोकांनाही सल्ला विचारता येईल. दुसऱ्याला द्यायचा तर नोंद बदलून द्या.

यादी बदलते, हे धरून चाला.
२०२२ च्या दुरुस्तीनं केंद्राला आणखी एक अधिकार दिला आहे. इथल्या वन्यजीवांना धोका ठरणाऱ्या परदेशी जातींची आयात, विक्री, बाळगणं, वाढ यांवर अधिसूचना काढून बंदी घालता येते. आज मोकळा असलेला प्राणी उद्या बंदीत येऊ शकतो. तुमची तक्रार असेल तर ती अधिसूचनेवर करा, हरकती-सूचना मागवल्या तर लिहून पाठवा, चार पाळणारे मिळून वकील लावा. पण प्राणी गोणीत घालून धामवर नेऊ नका.

तर आज रात्री जेवण झालं की कपाट उघडा. पावती, रिंगचा नंबर, नोंदीचा कागद, केसपेपर एका फायलीत लावा. काही कमी असेल तर सोमवारी साडेदहाला वनखात्याच्या कार्यालयात हजर व्हा. आणि ओसरीवर मिठू असेल, तर त्याचा प्रश्न त्याच फेरीत विचारून घ्या. त्यालाही स्वतःहून सोडू नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला रानात पोट भरता येत नाही.